पपनसाची साल आणि प्रसादाचा चमचा

यकृताच्या विकाराचे निदान झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी भरपूर मिळतात : पथ्य आणि सल्ले. पथ्य डॉक्टर सांगतात. सल्ले उरलेले सर्व जण देतात. मी दोन्हींतून गेलो आहे. आज माझी प्रकृती ठीक आहे. तरीही हे लिहावे लागते आहे, कारण माझ्या आजारपणात जे भोगायचे होते, त्यातले बरेचसे माझ्या पत्नीने भोगले.

ज्यांच्या हाती असाच तपासणीचा कागद नुकताच आला असेल, त्यांच्यासाठी हे आहे. वैद्यकीय माहिती येथे फारशी मिळणार नाही. ती डॉक्टरांना विचारावी, आणि डॉक्टर जे विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे. माझे सांगणे मुख्यतः या उत्तराविषयी आहे.

निदान

मानवतला मोंढ्याच्या रस्त्यावर आमचे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे आम्ही विकतो. आता दुकान माझा मुलगा सोमनाथ पाहतो. मी सकाळी जाऊन बसतो, जुन्या गिऱ्हाइकांशी बोलतो आणि जेवायला घरी येतो. दुकानाच्या भिंतीवर मी रंगवून घेतलेली एक ओळ आहे : ‘दोन औषधे एका पंपात मिसळू नका. आधी विचारा.’ कपाशीवर दोन औषधे एकत्र करून फवारली, तर कधी पान करपते, कधी पंपातच औषध फाटते. दोन्ही औषधे आपापल्या जागी चांगली असतात. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले, तेव्हा पित्ताशयात खडा असेल असे मीच ठरवले आणि परभणीला जाऊन सोनोग्राफी करून घेतली. खडा निघाला नाही. यकृत निघाले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. आम्ही लिंगायत, दारू आमच्यात वर्ज्य. मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि नाही म्हणालो.

“न पिणाऱ्यांनाही होतं, अप्पा,” ते म्हणाले. “साखर, पोट आणि बैठक, एवढं पुरतं. यकृतात चरबी आहे, सूज आहे, आणि थोडे व्रण पडायला सुरुवात झालीय. अजून मागे फिरता येईल. पण ऐकावं लागेल.”

महानंदा, माझी पत्नी, शेजारी बसली होती. ती म्हणाली, “डाक्टरसाहेब, यांला लेकराला सांगितल्यावानी सांगा. दुकानात बसून हे समद्या गावाला सांगतेत. यांला सांगायची कुनाची छाती न्हाई.”

डॉक्टर हसले. मग त्यांनी बोट वर करून सांगितले, “साखर बंद. रोज चालायचं. मी देतो त्या गोळ्यांखेरीज तोंडात काही घालायचं नाही. काढा नाही, चूर्ण नाही, कुणी सांगितलेला पाला नाही. घेतलंच, तर मला सांगायचं. लपवायचं नाही.”

मी मान हलवली. त्या मान हलवण्याला माझ्या लेखी शब्द देण्याइतकाच अर्थ होता.

येताना एसटीत व्रण हा शब्द माझ्या डोक्यात होता. जखम दिसते, तिच्यावर काही लावता येते. आतल्या व्रणाचे काय करायचे, हे मला कळत नव्हते. पुढचे अनेक दिवस मी दुकानातल्या काचेच्या कपाटात डोळे पिवळे झालेत का ते पाहत असे, आणि कुणी आले की डबे नीट लावल्याचे सोंग करत असे. भीती वाटते, हे मी घरात कुणाला सांगितले नाही. सांगितले असते, तर पुढचे टळले असते का? कदाचित.

बातमी मात्र पसरली. झरीचे रंगनाथराव आमचे जुने गिऱ्हाईक. भर दुकानात त्यांनी विचारले, “अप्पा, माळ न घालता माळकरी तुमी, अन् तुमाला लिव्हर? कोन्ता गुत्ता गाठला, आमाला बी न्या की कवातरी!”

दुकान हसले. सोमनाथही हसला. मी हसलो नाही.

ऐकलेले अर्धे वाक्य

त्याच सुमारास परभणीला फळबागांच्या एका मेळाव्याला गेलो. मोसंबीवरच्या रोगांचे बोलून झाल्यावर एका वक्त्याने साली फेकून देण्याविषयी खंत व्यक्त केली. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत काही नैसर्गिक द्रव्ये असतात, त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृताला इजेपासून काही अंशी वाचवल्याचे दिसते, असे ते म्हणाले. पुढे ते असेही म्हणाले, की माणसांच्या बाबतीत किती घ्यावे, कुणी घ्यावे, यातले काहीच अजून ठामपणे सांगता येत नाही.

पहिले वाक्य मी घरी आणले. दुसरे मंडपातच राहिले.

मोसंबीचा हंगाम होता. रस काढून झाला, की साली मी जमा करू लागलो. धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरमधून बारीक करून पूड केली. चव अत्यंत कडू. रोज सकाळी पूजा झाली, की एक चमचा.

दुसरीकडे डॉक्टरांचे सांगणेही पाळत होतो. चहा बिनसाखरेचा केला. पहाटे स्टेशनच्या रस्त्याने चालू लागलो. पोट उतरले, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे खाली आले. डॉक्टर खूश झाले.

“काय काय करताय?” त्यांनी विचारले.

“चालतो. साखर सोडली.”

हे खरे होते. पुरते नव्हते. आकडे चालण्याने उतरले असणार, हे आज मला मान्य आहे. त्या दिवशी मात्र बाहेर पडताना माझ्या मनात श्रेय सालीचे होते, आणि ती शोधणाऱ्याचे, म्हणजे माझे.

ताटाचा नियम

येथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, विभूती लावायची, मग प्रसाद. आमच्या घरात ताटात वाढलेले सर्व प्रसाद. त्यातला कण टाकायचा नाही. जेवण झाले, की ताटातच पाणी घ्यायचे, बोटांनी ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. माझ्या वडिलांचे ताट पाहून ते जेवले की नाही हे कळत नसे. माझेही तसेच. महानंदा लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिचेही तसेच. सून सुवर्णा आली, तिलाही मी पहिल्याच आठवड्यात हे सांगितले. नातवंडांना तर भाजीतला कढीपत्ताही काढून ठेवण्याची मुभा नव्हती.

रीत चांगली आहे. अन्नाचा मान राखते. मी तिचा वापर कसा केला, तेवढे वाईट आहे.

माझे निदान झाल्यापासून मला एक भय होते, की हाच विकार महानंदाला होईल. तिच्याही रक्तात चरबी जास्त होती. त्यासाठी ती काही वर्षे रोज एक गोळी घेत होती. मी तिला पूड घ्यायला सांगितले. ती म्हणाली, “नगं बाई. वास घेतला तरी डोकं उठतंय.”

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर चमचाभर पूड मधात कालवून, वर बेलाचे पान ठेवून, तिच्या हातावर दिली. “प्रसाद आहे,” म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. मग डोळे मिटून चाटली, तळहात धुतला आणि ते पाणीही प्याली.

प्रसाद म्हटले, की ती नाही म्हणणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. ठाऊक असल्यामुळेच मी तो शब्द वापरला.

पपनस

मोसंबी संपली, तसा साठाही संपत आला. आमच्या शेतात विहिरीच्या कडेला पपनसाचे एक झाड आहे. महानंदानेच ते कधीकाळी लावले. गणपतीच्या सुमारास त्याला डोक्याएवढी फळे येतात. पपनसाची साल बोटभर जाड. मी मनात हिशेब केला : साल जितकी जाड, तितके औषध जास्त. दुकानात एखाद्या शेतकऱ्याने असा हिशेब सांगितला असता, तर मी त्याला दारातून परत पाठवले असते.

पुडीचा रंग बदलला. कडूपणा वाढला. चमचा तोच राहिला. एक पुडी रंगनाथरावांनाही दिली.

काही आठवड्यांनी महानंदा तक्रार करू लागली. तिला तक्रारीची सवय नाही, म्हणून ती मला नीट आठवते.

“अवो, मांड्या लय भरून यायल्यात. खाली बसलं की उठू वाटंना.”

“वय झाले,” मी म्हणालो.

“मपलंच झालं का? तुमचं न्हाई झालं? तुमी तर पळायलाव टेसनापस्तोर.”

“मी चालतो म्हणून. तूही चाल.”

ती चालू लागली. दुखणे वाढले. ओट्याला धरून उठू लागली. सुवर्णाने एकदा भीतभीत सुचवले, “अप्पा, सासूबाईंला परभणीला दाखवून आणू का? लघवी बी लालसर होयलीय म्हनल्या.”

“ऊन आहे. पाणी कमी पीत असेल,” मी म्हणालो. दिवाळी तोंडावर आली होती. ऊन कसले होते, कोण जाणे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी प्रसाद घेऊन ती पाटावरून उठू लागली. अर्धी उठली, आणि पाय तिच्या खालून निघून गेल्यासारखी कुशीवर पडली. फरशीवर आवाज झाला. ओरडली नाही. “माय,” एवढेच म्हणाली. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. खुब्याचे हाड मोडले, हे मलाही कळले.

वॉर्ड

परभणीच्या ज्या दवाखान्यात तिला नेले, तेथेच माझे डॉक्टर येत असत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर व्हायला हवे. म्हातारे माणूस जितके दिवस अंथरुणावर राहील, तितका धोका वाढतो : छाती भरते, पाठीला जखमा होतात, उभे राहण्याची ताकद जाते. पण रक्त तपासल्यावर ते थांबले. महानंदाच्या यकृताचे आकडे वाढलेले होते. स्नायू झिजत असल्याची खूण रक्तात होती आणि त्याचा ताण मूत्रपिंडावर येत होता. कारण कळल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर तयार नव्हते.

माझे डॉक्टर आले. त्यांनी तिला विचारले, “मावशी, नेहमीच्या गोळ्या सोडून आणखी काय घेता?”

“काईच न्हाई.”

“काढा, चूर्ण, गावठी काही?”

“न्हाई डाक्टरसाहेब. देवाचं तीर्थ-परसाद, तेवढंच.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी तो प्रसादच होता. औषध होते ते माझ्या लेखी, आणि मी गप्प राहिलो. त्यांनी मला बजावले होते, मी मान हलवली होती, आणि आता त्यांच्यासमोर त्या मानेचे काय करायचे, हा प्रश्न मला तिच्या खुब्यापेक्षा मोठा वाटला. घडले ते असे.

याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी पूजा केली. सुवर्णाने घरून पूजेच्या सामानासोबत पुडीचा डबा आणला होता, कारण मीच तिला आणायला सांगितले होते. यकृताचे आकडे वाढले आहेत, तेव्हा पूड अधिकच हवी, असा माझा विचार झाला होता. मी महानंदाच्या हातावर चमचा रिकामा केला. काही वर्षे विनातक्रार चाललेल्या तिच्या चरबीच्या गोळीवर अजून कुणाचा संशय नव्हता, तीही नर्सने वेळेला दिली. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले.

रक्त पुन्हा तपासले. आकडे आणखी वर गेले होते. ऑपरेशन पुढे ढकलले.

महानंदा पायाला वजन बांधून पडली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “मला बांधून ठेवलंय बगा, म्हशीवानी. दूध तेवढं काढत न्हाईत.” ती बाई हसली. महानंदाही हसली, आणि हसताना दुखले म्हणून ओठ दाबून राहिली.

मी बाहेर पडवीत जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने सुवर्णा आली. तिच्या हातात तो डबा होता. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही मान खालीच होती, पण बोलली.

“अप्पा, एक इचारू का?”

“विचार.”

“दुकानाच्या भिंतीवर तुमी लिहून ठेवलंय. दोन औषधं एका पंपात कालवू नका म्हनून.”

“हो.”

“सासूबाई रोज गोळी घेतेत. त्याच्यावर हे देता तुमी.” तिने डबा किंचित पुढे केला. “आधी कुनाला इचारलं का?”

मी म्हणालो, “तुला हे कधी सुचले?”

“त्यांच्या मांड्या दुखायल्या तवाच.”

“मग सांगितले का नाहीस?”

“तुमाला?” ती म्हणाली. एवढेच म्हणाली, आणि तिने डबा कठड्यावर ठेवला.

आत महानंदाने तिला हाक मारली. ती गेली. कठड्यावरचा डबा उचलायला मला वेळ लागला.

सांगणे

डॉक्टर दुपारच्या फेरीला आले, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर डबा ठेवला आणि उभा राहिलो. ते बसा म्हणाले. मी बसलो नाही.

“ही साल आहे. आधी मोसंबीची देत होतो. आता पपनसाची. मी घेतो आणि तिलाही देतो. येथेही दिली. काल आणि आज सकाळी.”

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. झाकण लावले. ते रागावतील म्हणून मी वाट पाहिली. रागावले असते, तर बरे वाटले असते.

“पपनस,” ते म्हणाले. “अप्पा, काही गोळ्या अशा असतात, की काम झालं की शरीर त्यांना मोडून बाहेर टाकतं. पपनसातली काही द्रव्यं ते मोडण्याचं काम अडवतात. गोळी साठत जाते. चरबीच्या काही गोळ्या साठल्या, की स्नायू दुखतात, झिजतात, यकृतावरही येतं. मावशींची गोळी त्यातलीच आहे.”

“म्हणजे पडली ती त्यामुळे?”

“तसं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वय आहे, हाडं ठिसूळ आहेत. पण पाय कमजोर झाले असतील, ही शक्यता मोठी आहे.”

“साल यकृताला चांगली असते, असे मी ऐकले होते.”

“असेलही. उद्या त्यातून चांगलं औषधही निघेल. त्याचं माप ठरेल, कुणाला द्यायचं नाही ते ठरेल. तुम्ही फवारणीचं औषध सुट्ट्या पिशवीत, लेबल नसताना विकता का?”

“नाही.”

गोळी आणि साल दोन्ही त्याच वेळी बंद झाली. सलाईन वाढवले.

मी वॉर्डात आलो आणि महानंदाला सांगितले. सर्व सांगितले, प्रसाद हा शब्द मी मुद्दाम वापरला होता, हेही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “डाक्टरला मी न्हाई म्हनले, ते खोटं पडलं की मपलं.”

“तू खोटे बोलली नाहीस.”

“मला ठावं होतं वो, औषध हाय म्हनून. परसाद का कुटं मिक्सरमधून काडतेत? तुमचा शबुद खाली पडू नये म्हनून न्हाई म्हनले.”

मी तिची चादर सारखी करत बसलो.

नंतर

आकडे सावकाश उतरले. ऑपरेशन झाले. थिएटरमध्ये नेताना गळ्यातले इष्टलिंग काढावे लागेल, असे सांगितल्यावर महानंदा अडून बसली. लिंग अंगावेगळे करायचे नाही, ही आमच्यातली मोठी गोष्ट. मी काही सांगायला पुढे झालो आणि मागे सरलो. नर्सनेच मार्ग काढला. डॉक्टरांना विचारून तिने ते स्वच्छ कापसात गुंडाळले आणि महानंदाच्या मनगटाला पट्टीने बांधले. “ऑपरेशन पायाचं हाय मावशी, हात तुमचाच हाय,” ती म्हणाली. त्या मुलीने आधी विचारले आणि मग बांधले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

घरचे सांगायचे, तर सोमनाथ माझ्याशी दुकानापुरते बोलू लागला. माल आला, माल गेला. एका संध्याकाळी तो एवढेच म्हणाला, “अप्पा, आईला विचारायचं तरी.” मी हो म्हणालो. त्याचा राग योग्य होता, आणि मला तो कमीच वाटत होता.

रंगनाथरावांना दिलेल्या पुडीची आठवण होताच मी झरीला गेलो. ते गोठ्यात होते. पूड घेऊ नका, असे मी सांगितले.

“कोन्ती? ती कडू?” ते म्हणाले. “एकदा जिभंवर ठिवली, अन् फेकली की कवाच! म्हशीनं बी तोंड फिरवलं. तुमी सांगितलं म्हनून काय जहर खावं का अप्पा?”

मी परत फिरलो. सगळ्या मुलखात ती पूड टाकून देता येत होती. माझ्या घरात तेवढी येत नव्हती.

महानंदा वॉकर धरून उभी राहू लागली. पहिल्यांदा दारापर्यंत गेली, तेव्हा म्हणाली, “चला, टेसनापस्तोर शर्यत लावू.” आज ती घरात काठीने फिरते. पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात लागतो. खाली बसून जेवणे सुटले. ते आता परत येणार नाही. चरबीची गोळी डॉक्टरांनी बदलली. पपनस त्यांनी मलाही बंद केले. माझे आकडे पूड सोडल्यानंतरही उतरतेच राहिले.

मी विहिरीवरचे झाड तोडायला सांगितले होते. तिला कळले, तेव्हा तिने गड्याला निरोप पाठवून थांबवले. मला म्हणाली, “झाडानं काय केलं? ते का चमचा घेऊन आलं व्हतं घरात?”

झाड आहे. फळे शेजारी नेतात. ज्यांना रोजच्या गोळ्या आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. लोक हसतात. हसू द्यावे.

वाचकाला माझे सांगणे थोडके आहे. सालीत गुण असतील. मी त्यांना नाकारत नाही. पण घरात जो माणूस तुमच्या हातून काहीही निमूट घेतो, त्याच्या हातावर काही ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

मागच्या महिन्यात मोसंबी आली. डॉक्टरांना विचारून घेतले होते, गर चालेल म्हणाले. पूजेनंतर मी फोडी सोलून महानंदाच्या ताटात ठेवल्या. ती आता टेबलाशी बसून जेवते. तिने दोन फोडी खाल्ल्या आणि ताट सरकवले.

“नगं मला. आंबट हाय.”

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट घेऊन उभी होती. ती तेथेच थांबली. नातवाने माझ्या तोंडाकडे पाहिले. ताटात फोडी उरल्या होत्या. आमच्या घरात हे माझ्या हयातीत झाले नव्हते, माझ्या वडिलांच्याही नाही.

“राहू दे,” मी म्हणालो, आणि ताट उचलून मोरीवर ठेवले.